सल्फा खरंच चालत नाही का?

आई-बाबांनो, ग्वाल्हेरच्या थाटीपुरात मुलाला दवाखान्यात नेलं की डॉक्टर पर्चा लिहिता लिहिता विचारतात, "किसी दवा से एलर्जी?" आपल्यातले कितीतरी जण "सल्फा" म्हणून मोकळे होतात. मग कोणतं औषध, कितव्या दिवशी, अंगावर काय उठलं, असं विचारलं की अडखळतात. "लहानपणी काहीतरी झालं होतं, आजीला ठाऊक."

निदान त्या 'काहीतरी'तच आहे. सल्फा प्रतिजैविकांच्या ॲलर्जीसाठी खात्रीची रक्ततपासणी नाही, टोचून बघायची भरवशाची चाचणीही नाही. डॉक्टरांच्या हाती असते ती तुमची हकिकत. को-ट्रायमोक्साझोलचं, म्हणजे सेप्ट्रानसारखं सिरप दिल्यावर तासाभरात पित्त उठलं, ओठ सुजले, ही एक गोष्ट. आठ-दहा दिवसांनी नुसतं बारीक लाल पुरळ आलं, ही अगदी वेगळी आणि बहुधा सौम्य. काहींना दर वेळी त्याच जागी काळपट गोल चट्टा उठतो. आणि विषाणूच्या तापातही पुरळ येतंच. औषध चालू असतं म्हणून खापर त्याच्यावर फुटतं.

पण पुरळाबरोबर ताप, लाल डोळे, तोंडात फोड, दुखणारी किंवा सोलणारी कातडी दिसली, तर औषध थांबवा आणि मध्यरात्र असली तरी जयारोग्य रुग्णालय गाठा. चेहरा सुजून श्वास अडकला तरी तेच. ज्या मुलाची कातडी अशी सोलली, त्याला ते औषध पुन्हा कधीच नाही, चाचणीपुरतंही नाही.

जुनं, साधं पुरळ असेल तर तज्ज्ञ डॉक्टर आपल्या नजरेखाली डोस देऊन पाहतात, आणि बहुतेकांना काही होत नाही. घरी मात्र हा प्रयोग नको. एवढा खटाटोप कशाला? कारण उगाच लागलेला शिक्का एक स्वस्त, कामाचं औषध हिरावून घेतो. १९३५ साली संशोधक गेर्हार्ड डोमाक यांनी याच घराण्यातल्या प्रॉन्टोसिलने स्वतःच्या मुलीचा जंतुसंसर्ग बरा केला. तिचा हात कापावा लागेल अशी वेळ आली होती.

दुसरा घोळ सल्फेटचा. दम्याच्या औषधावर 'सॅल्ब्युटामॉल सल्फेट' वाचून पंप बंद करू नका. त्याचा या ॲलर्जीशी संबंध नाही. उलट भाजल्यावर लावायच्या पांढऱ्या मलमात बरेचदा सिल्व्हर सल्फाडायझिन असतं, ते खरं सल्फा. मलम म्हणून आपण ते डॉक्टरांना सांगतही नाही.

पुरळ दिसलं की मोबाइलवर उजेडात फोटो काढा, बाटलीच्या लेबलचाही. लसीकरणाच्या कार्डामागे औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख आणि पुरळाची तारीख लिहा. औषधाचा असा त्रास पालकही कळवू शकतात. त्यासाठी सरकारचा टोल-फ्री क्रमांक आहे १८००-१८०-३०२४.