पूर्वहंगामी उसात कोथिंबीर

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊस लावणाऱ्या सभासद बंधूंची सरी पहिले दीड महिना तशी मोकळीच असते. तेवढ्यात वरंब्याच्या बगलेला कोथिंबीर सहज निघते. पण आधी तणनाशकाचं बघा. लागणीनंतर ॲट्राझीन मारायचं ठरलं असेल तर कोथिंबिरीचा नाद सोडा. रुंद पानाचं हे नाजूक पीक त्यात तग धरत नाही. खुरपणीची तयारी असेल तरच बी घ्या.

धने चपलेने हलके रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्यात. भुगा झाला की बी वाया. मग रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून अर्धा-पाऊण इंच खोल पेरावे. उगवायला ८ ते १५ दिवस लागतात. तोवर पुष्कळजण उगाच धीर सोडतात. सरी तुडुंब भरू नये, मूळ कुजते.

४०-४५ दिवसांत, दांडा येण्याआधी, कोथिंबीर उपटावी. उसाला ६ ते ८ आठवड्यांनी नत्राचा दुसरा हप्ता द्यायचा असतो. चार पैसे जास्त मिळतील म्हणून ती शेतात ठेवली, तर फुटवे मार खातात, आणि आपलं मुख्य पीक ऊस आहे. कोथिंबीर कच्ची खातात, म्हणून काढणीच्या तोंडावर औषध मारू नये. मावा दिसलाच तर तेवढी रोपे उपटून बांधाबाहेर टाका.