आधी एका ब्लाउजचं पान बनव

अगं, ऑनलाइन दुकानाची थीम कुठली घेऊ, लोगो गुलाबी ठेवू की किरमिजी, यात तू फार गुंतली आहेस. ते ठरेल निवांत. माझं ऐकशील तर आधी एकच पान बनव, तुझ्या खणाच्या शिवलेल्या ब्लाउजचं. ते जमलं की दुकान जमलं म्हणून समज.

दुकानात आलेली बाई काय करते बघ. कापड चिमटीत धरून पोत बघते, दारापाशी नेऊन उजेडात रंग बघते, उलटं करून शिलाई बघते आणि विचारते, "आत माया आहे ना?" मोबाइलवर यातलं तिला काहीच करता येत नाही. म्हणून या सगळ्याची उत्तरं पानावरच हवीत.

फोटो सकाळी खिडकीपाशी काढ. फ्लॅश बंद, घरातले दिवेही बंद. दोन उजेड मिसळले की रंग बिघडतो. फिल्टर तर नकोच. समोरून, पाठीमागून, काठ जवळून, आतली शिलाई आणि अंगात घातलेला, एवढे फोटो पुरेत. धूपछाव कापड असेल तर ते हलवून छोटा व्हिडिओही घे, कारण एका फोटोत त्याचा एकच रंग येतो. फोनमधला मूळ फोटो कित्येक एमबींचा असतो. तो वेबपी करून दोनशे केबीच्या आत आण, नाहीतर रेंज कमी असलेल्या गावात पान उघडेपर्यंत बाई निघून जाईल.

आता मापं. नुसतं एम, एल लिहून भागत नाही. छाती ३६ म्हणजे अंगाची की ब्लाउजची, हे स्पष्ट लिही. उंची, मुंढा, बाही, पुढचा-मागचा गळा इंचांत दे. मजकूर असा साधा असू दे: "अंगाची छाती ३६. आत माया आहे, ३८ पर्यंत उसवून वाढवता येईल. सुती अस्तर. पुढे हुक. पहिली धुलाई वेगळी, गार पाण्यात." "अप्रतिम, मनमोहक" वगैरे लिहू नकोस, त्याने कुणाला माप कळत नाही.

साइट कशावर बांधायची? वूकॉमर्स स्वतः फुकट आहे, पण होस्टिंग, अपडेट, बॅकअप सगळं तुझ्या गळ्यात. शॉपिफायला दरमहा पैसे मोजावे लागतात, पण डोक्याला ताप कमी. तू एकटी आहेस, शिलाईही बघतेस. माझं मत शॉपिफायला. प्रत्येक मापाचा स्टॉक मात्र वेगळा नोंदव. प्रदर्शनात एखादा ब्लाउज विकला गेला तर त्याच संध्याकाळी साइटवरून कमी कर.

पैसे भरताना खातं उघडायची सक्ती करू नकोस. यूपीआय ठेव, कुरिअरचा खर्च आधीच दाखव. कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला जपून. पार्सल नाकारलं की जाण्यासोबत परत येण्याचाही खर्च सहसा तुझ्याच माथी येतो.

कागदपत्रं टाळू नकोस. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तुझं नाव, पत्ता, परताव्याचे नियम, तक्रार कुणाकडे करायची, हे साइटवर असावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो. राज्याबाहेर माल पाठवायचा तर उलाढाल लहान असली तरी सहसा जीएसटी नोंदणी लागते. सीएशी आधी बोल. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आहे. किंमत ठरवताना हे धरून चाल.

आणि बदलून देण्याचा नियम मोठ्या मनाने ठेव गं. माप चुकलं तर बदलून मिळेल, हे किमतीच्या खालीच लिही. तुला न ओळखणारी बाई त्या एका ओळीवर भरवसा टाकते. तो मोडू देऊ नकोस.

पान तयार झालं की फोन मामीच्या हातात दे आणि म्हण, "एक ब्लाउज घेऊन दाखव." मध्ये बोलू नकोस. ती जिथे अडून तुला विचारेल, तिथे पानावर एक ओळ वाढव. मामीला विचारावं लागणार नाही इतकं पान स्पष्ट झालं, की मग लिंक खुशाल सगळ्यांना पाठव.