काचेची मधमाशी

बुद्धी म्हटली की मनुष्याच्या डोळ्यांपुढे मनुष्यच उभा राहतो. 1920 साली चेक नाटककार कारेल चापेक यांनी आपल्या एका नाटकात कृत्रिम कामकरी निर्माण केले आणि त्यांस ‘रोबोट’ हे नाव दिले. वेठबिगार असा अर्थ असलेल्या एका चेक शब्दापासून हे नाव बनले होते. त्या कामकऱ्यांस दोन हात, दोन पाय आणि माणसाचाच चेहरा होता. पुढे कित्येक कथालेखकांनी विचार करणाऱ्या यंत्रास असाच देह दिला. फार तर तो पोलादाचा केला, किंवा माणसाहून दुप्पट उंच केला. जे बुद्धिमान ते माणसासारखे असणार आणि जे बलवान ते मोठेच असणार, अशी समजूत यामागे होती.

निसर्गाचा हिशेब मात्र निराळा आहे. मधमाशीचेच उदाहरण घ्या. तिचा मेंदू तिळाएवढा असतो. त्याचे वजन सुमारे 1 मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा हजारावा भाग! माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी मज्जापेशी असतात. मधमाशीच्या मेंदूत त्या 10 लाखांच्या आसपास असतात. तरीही ती पोळ्यापासून कित्येक किलोमीटर दूर जाते, फुले ओळखते, वाट न चुकता परत येते आणि फुले कोणत्या दिशेस व किती अंतरावर आहेत, हे एका विशिष्ट नृत्याने आपल्या सोबतिणींना सांगते. या नृत्याचा अर्थ उलगडून दाखविणारे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली आणखी दोन शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. शिवाय कीटकांची उडण्याची विद्याही फार जुनी आहे. 30 कोटींहून अधिक वर्षे ते उडत आहेत. पक्षी जन्मास येण्यापूर्वी कितीतरी आधी आकाश कीटकांचे होते.

मग विचार करणाऱ्या यंत्रास माणसाचाच देह कशाला हवा? कीटकाचा का नसावा? हा प्रश्न काही कादंबरीकारांना पडला आणि त्यांनी कल्पनेच्या बळावर त्याची उत्तरे शोधली. त्यांपैकी दोन उत्तरे आजही विचार करावयास लावणारी आहेत.

पहिले उत्तर जर्मन लेखक एर्न्स्ट युंगर यांचे. त्यांची ‘काचेच्या मधमाश्या’ ही कादंबरी 1957 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात झापारोनी नावाचा एक धनाढ्य कारखानदार आहे. चिमुकली आणि चतुर यंत्रे बनविण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. रिचर्ड नावाचा एक जुना घोडदळाचा अधिकारी कामाच्या शोधात त्याच्याकडे येतो व त्याच्या बागेत वाट पाहत बसतो. तेथे त्याला काही विलक्षण मधमाश्या दिसतात. त्या खऱ्या माश्यांपेक्षा मोठ्या आणि काचेच्या असतात. त्या फुलांवर उतरतात, मध शोषून घेतात आणि शिस्तीने पोळ्याकडे परततात. त्यांच्या कामात उशीर नाही, गोंधळ नाही, आळस नाही. रिचर्ड प्रथम थक्क होतो. परंतु बारकाईने पाहिल्यावर त्याच्या मनात एक शंका येते. खरी मधमाशी फुलातील सारा मध कधी ओरबाडून नेत नाही. मध घेता घेता तिच्या अंगाला पराग चिकटतात आणि ती ते दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचविते. म्हणून त्या फुलाचे फळ होते. काचेची माशी फूल पार कोरडे करते आणि पराग मात्र नेत नाही. म्हणजे मध वाढणार, पण फुले निष्फळ होऊन सुकणार. मधमाशीचे कष्ट झापारोनीने हुबेहूब उचलले होते. तिचे देणे मात्र त्याच्या हिशेबात आलेच नव्हते.

दुसरे उत्तर पोलंडचे लेखक स्तानिस्लाव लेम यांनी 1964 साली दिले. त्यांच्या कादंबरीचे नाव ‘अजिंक्य’. हे एका प्रचंड अंतराळयानाचे नाव आहे. रेजिस नावाच्या ओसाड ग्रहावर आधी गेलेले दुसरे एक यान बेपत्ता होते, म्हणून त्याच्या शोधार्थ ‘अजिंक्य’ तेथे जाते. हरवलेले यान सापडते. पण त्यातील माणसे मेलेली असतात. यानात अन्नाचा साठा भरपूर असतो, तरी साबणाच्या वड्यांवर दातांच्या खुणा दिसतात! त्या माणसांची स्मृती पुसली गेली होती. अन्न कोणते आणि साबण कोणता, एवढेही त्यांना कळेनासे झाले होते.

हे करणारा शत्रू कोण? तर माशीएवढी धातूची यंत्रे! फार फार वर्षांपूर्वी परग्रहावरील कोणी प्रगत जीवांनी तेथे काही यंत्रे आणली होती. ते जीव नष्ट झाले, यंत्रे उरली. त्यांची आपसांत झुंज लागली. मोठ्या यंत्रांना ऊर्जा फार लागे, म्हणून ती हळूहळू संपली. ज्यांना थोडक्या सूर्यप्रकाशावर भागविता येई, अशी चिमुकली यंत्रे टिकली. त्यांतील एकेकटी माशी निरुपद्रवी आणि निर्बुद्ध असे. संकट येताच मात्र लक्षावधी माश्या एकत्र येऊन त्यांचा काळा ढग बने आणि त्या ढगास जणू मन फुटे. ढगाच्या चुंबकीय शक्तीने माणसाचा मेंदू कोरा होत असे. ‘अजिंक्य’वरील सर्वांत बलाढ्य युद्धयंत्रही त्याच्यापुढे टिकले नाही.

अखेरीस रोहान नावाचा अधिकारी आपल्या चार हरवलेल्या सोबत्यांच्या शोधात एकटाच पायी निघतो. मेंदूतील विद्युत् हालचाल लपविणारे एक उपकरण त्याच्या डोक्यावर असते, म्हणून ढग त्याला ओळखत नाही. सोबती जिवंत सापडत नाहीत. परंतु दरीत तो धातूच्या माश्यांचा प्रचंड ढग शांतपणे उसळताना पाहतो आणि त्याच्या मनातील सूडाची भावना मावळते. या माश्यांना ना द्वेष कळतो, ना जय कळतो. विश्वातील प्रत्येक वस्तू माणसासाठी नसते. जेथे त्याचे काही काम नाही, तेथून त्याने निघून जावे, हे त्याला उमगते.

या झाल्या कल्पना. आता प्रत्यक्षात काय घडले, ते पाहू.

कीटकाचे उडणे हे दीर्घकाळ शास्त्रज्ञांस कोडे होते. 1934 साली फ्रेंच शास्त्रज्ञ आंत्वान मान्याँ यांनी लिहून ठेवले की, विमानाचे गणित लावले तर कीटकांचे उडणे अशक्य ठरते. कीटक अर्थातच उडत राहिले! चूक गणिताच्या निवडीत होती. विमानाचा पंख स्थिर असतो. कीटकाचा पंख पुढे-मागे झपाट्याने हलतो आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी वळतो. 1996 साली केंब्रिज येथील चार्ल्स एलिंग्टन व त्यांचे सहकारी यांनी एका मोठ्या पतंगाच्या पंखांवरून धूर सोडला. तेव्हा पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक छोटा भोवरा तयार होतो आणि तोच पंखास वर उचलून धरतो, असे दिसून आले.

हे ज्ञान हाती आल्यावर यंत्रकीटकांचा मार्ग सुकर झाला. 2013 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात रॉबर्ट वूड यांच्या प्रयोगशाळेतील एका यंत्रमाशीने, शास्त्रज्ञ जसे सुचवतील तसे उडून दाखविले. तिचे वजन होते 80 मिलिग्रॅम, आणि पसरलेल्या पंखांची रुंदी 3 सेंटिमीटर. एका सेकंदात तिचे पंख 120 वेळा हलत. एवढ्या लहान देहात फिरणारे यंत्र बसविता येत नाही. म्हणून विजेचा दाब मिळताच वाकणाऱ्या चिमुकल्या पट्ट्या तिच्यात स्नायूंप्रमाणे वापरलेल्या होत्या.

परंतु ती माशी स्वतंत्र नव्हती. केसासारख्या बारीक तारांनी ती टेबलाशी बांधलेली होती. त्या तारांतून तिला वीज मिळे आणि त्यांतूनच आज्ञाही मिळत. तिची शक्तीही बाहेर होती आणि बुद्धीही बाहेर होती. कारण तेवढी वीज पुरविणारी बॅटरी तिला उचलता आली नसती. 2019 साली त्याच प्रयोगशाळेने चार पंखांची नवी माशी तयार केली. सौर घटांच्या बळावर ती तारेवाचून उडाली खरी. पण तिला सूर्यापेक्षा सुमारे तिप्पट प्रखर प्रकाश लागला आणि तिचे उड्डाण एका सेकंदाच्या आतच संपले. बागेतील साधी मधमाशी मात्र फुलातल्या दोन-चार थेंबांवर दिवसभर फिरते, आणि तिचा सारा शहाणपणा त्या तिळाएवढ्या मेंदूत मावतो.

यंत्रमाश्यांचे उपयोगही शास्त्रज्ञांनी सुचविले आहेत. कोसळलेल्या इमारतींच्या फटींत शिरून त्यांनी माणसे शोधावीत. खऱ्या मधमाश्या कमी पडतील, तेथे त्यांनी फुलांवर पराग पोहोचवावेत. हे उपयोग चांगलेच आहेत. परंतु येथेच युंगर यांच्या काचेच्या माशीची आठवण ठेवली पाहिजे. एकेका फुलावर पराग टाकणे म्हणजे मधमाशी होणे नव्हे. मधमाशी स्वतःची संतती वाढविते, अनेक पक्ष्यांचे अन्न होते आणि रानातील ज्या झाडांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्यांचेही वंश चालविते. तिच्या जागी यंत्र आणून खरी मधमाशी मरू दिली, तर माणूस एक काम वाचवील आणि शंभर कामे गमावील.

पंखांचे गणित माणसाने सोडविले. देहही त्याने घडविला. उद्या कदाचित त्या देहात बुद्धीही मावेल. तेव्हा ही माशी किती वेगाने उडते, एवढेच विचारून चालणार नाही. ती फुलाकडून काय घेते आणि फुलाला काय देऊन जाते, हेही विचारावे लागेल. या प्रश्नाचे उत्तर माशीने द्यावयाचे नाही. तिला घडविणाऱ्याने द्यावयाचे आहे.

प्रश्न

1. काचेच्या मधमाश्यांचे काम पाहून रिचर्ड प्रथम थक्क का झाला? नंतर त्याच्या मनात कोणती शंका आली?
2. रेजिस ग्रहावर मोठी यंत्रे नष्ट झाली व लहान यंत्रे टिकली, याचे कारण सांगा.
3. ‘तिची शक्तीही बाहेर होती आणि बुद्धीही बाहेर होती,’ असे 2013 सालच्या यंत्रमाशीविषयी का म्हटले आहे?
4. खरी मधमाशी आणि यंत्रमाशी यांतील साम्य व भेद आपल्या शब्दांत लिहा.