आमवात, ल्यूपस आणि बायपास : वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

माधवनिदानात प्रवृद्ध आमवाताच्या लक्षणांमध्ये हृद्ग्रहाचा उल्लेख आहे. पाठांतराच्या ओघात तो आपण म्हणून जातो; चिकित्सालयात मात्र सुजलेल्या सांध्यांपुढे त्याचा विसर पडतो. ल्यूपस असलेल्या ३८ वर्षांच्या एका स्त्रीच्या छातीतील जळजळीस अम्लपित्त समजून मी १५ दिवस सूतशेखर देत राहिलो. ई.सी.जी. काढला तेव्हा चूक ध्यानी आली, पुढे बायपास करावी लागली. त्या १५ दिवसांची खंत आजही आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या पिट्सबर्गच्या अभ्यासात ३५ ते ४४ वयोगटातील ल्यूपसग्रस्त स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण समवयस्क स्त्रियांच्या ५० पटींहून अधिक आढळले होते. ऱ्हुमॅटॉइड आमवातात हृदयरोगाचा धोका सुमारे दीडपट धरतात. दीर्घकाळचा शोथ रोहिणींनाही सोडत नाही.

शस्त्रक्रिया ठरली की रुग्ण आपला सल्ला विचारतो, आणि येथेच आपल्या हातून सर्वांत मोठा प्रमाद घडू शकतो. "ती स्टिरॉइडची गोळी आता बंद करा" असे कदापि सांगू नये. अनेक महिने स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णाच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात. शस्त्रकर्माच्या ताणात अकस्मात रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. जुन्या आमवातात मानेचे वरचे मणके सैल झालेले असतात, म्हणून मानदुखी किंवा हातांना मुंग्या येत असल्यास भूलतज्ज्ञांस आधी कळवावे. थंडीत बोटे पांढरी-निळी पडत असल्यास तेही सांगावे. कारण कलमासाठी हाताची रोहिणी घेण्यापूर्वी शल्यचिकित्सकांना त्याचा विचार करावा लागतो.

आपल्या औषधांची यादीही स्वहस्ते लिहून द्यावी. गुग्गुळाच्या सत्त्वामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटते, हे १९९४ च्या भारतीय अभ्यासात दिसले आहे. त्यामुळे योगराज वा सिंहनाद गुग्गुळ हृदयरोगतज्ज्ञांच्या माहितीविना सुरू ठेवू नये. यष्टिमधु दीर्घकाळ दिल्यास पोटॅशियम घटते व रक्तदाब वाढतो. औषधविक्रेते बंधूंनी बायपासनंतर सांधे दुखतात म्हणून आलेल्या रुग्णास डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके चिठ्ठीविना देऊ नयेत. बायपासनंतरच्या वेदनेसाठी ही औषधे निषिद्ध असल्याची ठळक सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली त्यांच्या वेष्टनपत्रकात समाविष्ट करविली आहे.

उरोस्थी सांधण्यास साधारण ६ ते ८ आठवडे लागतात; स्टिरॉइड घेणाऱ्यांत अधिकही. तोवर छातीवर अभ्यंग वा स्वेदन करू नये. व्रणातून स्राव, ज्वर अथवा हाड हलल्याची जाणीव असल्यास लेप न लावता रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकांकडे धाडावे.