वेटोळ्यातील प्रवाह मागे का राहतो?

बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथे औष्णिक विद्युत् केंद्राचा पहिला, ३० मेगावॅटचा संच १९७१ साली सुरू झाला. अशा केंद्रांतील वीज तारांवाटे थेट विहिरीवरच्या पंपापर्यंत पोचते. पंपाच्या मोटरीत लोखंडी गाभ्याच्या खाचांमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. या वेटोळ्यांत वीज कशी वागते हे कळले, की मोटरीला कंपॅसिटर का जोडतात हेही कळेल.

भरलेली गाडी

उसाने भरलेली बैलगाडी आठवा. बैलांनी ओढ दिली तरी ती एकदम पळत नाही. वेग हळूहळू वाढतो. चालत्या गाडीला एकदम थांबवू गेल्यास ती बैलांच्या मानेवर रेटा देते. वेटोळ्याचेही असेच आहे. ओढीच्या जागी विद्युत्‌दाब, वेगाच्या जागी प्रवाह आणि गाडीच्या वजनाच्या जागी वेटोळ्याचे प्रवर्तकत्व माना.

याचे कारण असे. प्रवाहामुळे वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. प्रवाह बदलला की क्षेत्र बदलते, आणि बदलते क्षेत्र त्याच वेटोळ्यात बदलाला विरोध करणारा दाब उत्पन्न करते. यालाच स्वयंप्रवर्तन म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३२ साली याविषयी लिहिले. प्रवर्तकत्वाच्या एककाला त्यांचेच नाव आहे. तारेचा रोध नगण्य मानल्यास,

दाब (व्होल्ट) = प्रवर्तकत्व (हेन्री) × प्रवाह बदलण्याचा दर (अँपिअर प्रतिसेकंद)

म्हणजे दाब प्रवाहावर नव्हे, तर प्रवाह किती वेगाने बदलतो त्यावर अवलंबून असतो. २ हेन्रीच्या वेटोळ्याला १२ व्होल्टची बॅटरी जोडली, तर प्रवाह सेकंदाला ६ अँपिअर या दराने वाढू लागेल. आता ३ अँपिअर प्रवाह चालू असताना तो १/१०० सेकंदात शून्यावर आणला, तर दर ३०० होईल आणि दाब ६०० व्होल्ट! बॅटरी मात्र १२ व्होल्टचीच. खटका उघडताना ठिणगी पडते ती यामुळेच.

पाव आवर्तनाचा उशीर

आपल्याकडील प्रत्यावर्ती विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात. दाब धन असेपर्यंत प्रवाह वाढतच राहतो, मग दाब उतरणीला का लागलेला असेना. दाब शून्य होतो तेव्हा प्रवाहाची वाढ थांबते, म्हणजे त्याच क्षणी प्रवाह कमाल असतो. म्हणून शुद्ध वेटोळ्यात प्रवाह दाबाच्या पाव आवर्तन, म्हणजे १/२०० सेकंद मागे राहतो. अशा वेटोळ्यात ऊर्जा खर्च होत नाही. ती चुंबकीय क्षेत्रात साठते आणि परत जाते.

विहिरीवर

मोटर हे शुद्ध वेटोळे नव्हे. तिच्या प्रवाहाचा एक भाग पाणी उपसतो, दुसरा नुसता क्षेत्र उभारण्यासाठी ये-जा करतो. पण तारा तापतात त्या दोन्हींमुळे. कंपॅसिटरमध्ये उलट घडते: तेथे प्रवाह दाबाच्या पुढे असतो. म्हणून मोटरीजवळ बसवलेला कंपॅसिटर ही ये-जा जागच्या जागी भागवतो.

समजा, मोटरीचा शक्तिगुणक ०.८० होता आणि कंपॅसिटरमुळे तो ०.९५ झाला. तेवढ्याच कामासाठी तारांतील प्रवाह सुमारे १६ टक्के कमी होईल. तारांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून तो अपव्यय सुमारे २९ टक्के घटेल. तारांत दाब कमी पडेल आणि लाइनच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याच्या मोटरीलाही पुरेसा दाब मिळेल.

सोडवून पहा

१. ०.५ हेन्रीच्या वेटोळ्यातील प्रवाह ०.१ सेकंदात ४ अँपिअरने वाढला. दाब किती?
२. वेटोळ्यात ५ अँपिअर स्थिर प्रवाह आहे. रोध नसल्यास दाब किती?

(उत्तरे: १. २० व्होल्ट. २. शून्य, कारण प्रवाह बदलत नाही.)