राग नेमका कोणावर?

आईला जाऊन बरीच वर्षे झाली. शेवटच्या रात्री मी रुग्णालयातून घरी झोपायला गेलो आणि पहाटे निरोप आला. धाकटा भाऊ मुंबईहून दोन दिवस आधी येणार होता, तो आलाच नाही. पुढे चार वर्षे मी त्याच्याशी धड बोललो नाही. संक्रांतीला तिळगूळ दिला, तोही तोंड फिरवून.

याच काळात माझा रक्तदाब वाढला. रागाचा प्रसंग नुसता आठवला तरी अ‍ॅड्रिनलिन स्रवते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. "सोडून द्या हो," असे सांगणारे खूप भेटले. कसे सोडायचे, ते कोणी सांगेना.

शेवटी एका स्नेह्याच्या आग्रहामुळे पुण्यात स्वारगेटजवळच्या दादावाडीतील विपश्यना केंद्रात १० दिवसांच्या शिबिराला बसलो. बोलणे बंद. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना. भावाची आठवण आली की माझा जबडा आवळतो, हे तिथे प्रथम कळले. सहाव्या दिवशी त्या रागाखाली निराळेच सापडले: त्या रात्री मी घरी का गेलो? राग भावापेक्षा स्वतःवरच जास्त होता.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली स्वतःविषयीच्या करुणेची मांडणी केली. मित्राच्या हातून चूक झाली तर आपण त्याला जे बोलू, तेच स्वतःला बोलावे, असा तिचा साधा अर्थ. चूक नाकारायची नाही, पण स्वतःला फटकेही मारायचे नाहीत.

वाचकहो, शिबिराला जाणे जमलेच पाहिजे असे नाही. रोज १० मिनिटे शांत बसा. श्वास पाहा. राग आला की तो अंगात कुठे जाणवतो ते पाहा, हुसकावू नका. मग छातीवर हात ठेवून मनात म्हणा, "तू दमला होतास." मला हे आधी हास्यास्पद वाटले होते.

मात्र घरात मारहाण सोसणाऱ्यांनी क्षमेच्या नावाखाली गप्प बसू नये, आधी सुरक्षितता. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा किंवा १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर मोफत बोला. रक्तदाबाची गोळीही बंद करू नका. माझी चालूच आहे.

शिबिरानंतरच्या दिवाळीत भावाला हे सारे सांगितले. त्या वेळी त्याला साहेबांनी रजा नाकारली होती. मी कधी विचारलेच नव्हते.