खण उपडा करून पाहा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आईची अंजिरी पैठणी काढायला मी कपाटाचा तिसरा खण ओढला. घडी उलगडताना बोटांना काहीतरी मऊसूत लागलं. टाल्कम पावडरसारखी फिकट पिवळसर भुकटी होती. डांबरगोळीचा भुगा असेल असं वाटलं, म्हणून साडी झटकली आणि सावलीत वाऱ्यावर टाकली. दोन दिवसांनी त्याच खणात पुन्हा तेवढीच भुकटी दिसली. मार्चमध्ये मोठ्या हौसेने घरात आणलेलं ते खणांचं कपाट आतून पोखरलं जात होतं.

जुनं लाकडी सामान घरात आणण्याची हौस आता पुष्कळ घरांत दिसते आणि मला ती मनापासून आवडते. चांगल्या सागवानाची वस्तू मोडीत जाण्यापेक्षा कुणाच्या तरी घरात नांदावी. पण निवडताना काय पाहायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते समजायला माझं एक वर्ष गेलं आणि बरेच पैसेही गेले. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

कपाट पाच खणांचं, छातीइतकं उंच होतं. पितळी मुठी, किल्लीच्या भोकांभोवती पितळेच्या नक्षीदार चकत्या, कडांना नाजूक गोलाई. दुकानदार म्हणाले, "शंभर वर्षांपूर्वीचं आहे मॅडम, पारशी घरातलं, अस्सल बर्मा टीक." मी वरचा एक खण वीतभर ओढला, समोरच्या पॉलिशवरून हात फिरवला आणि तिथेच बयाणा दिला. बेचाळीस हजार रुपये, टेंपोभाडं वेगळं. कपाट भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. जरा पुढे ओढा, मागची बाजू बघू द्या, असं म्हणायचं मला सुचलंच नाही.

पुढची चूक जुलैत झाली. पावसाने लाकूड फुगलं, खालचे दोन खण गच्च बसले. मी घाईने एका कारागिराला बोलावून त्यांच्या कडांवर रंधा मारून घेतला. खण लोण्यासारखे सरकायला लागले आणि मला समाधान वाटलं. पण हिवाळ्यात हवा कोरडी झाली तसं लाकूड आकसलं. तेच खण इतके ढिले झाले, की ओढले की एका बाजूला कलायचे. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड कोरड्या दिवसांत आपोआप जागेवर येतं, पण रंध्याने काढलेलं लाकूड परत येत नाही.

भुकटीचा उलगडा केला आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी. ते सत्तरीचे आहेत. वडिलांच्या हाताखाली पेठांमधल्या वाड्यांची कामं करत शिकलेले. त्यांनी समोरच्या बाजूकडे पाहिलंसुद्धा नाही. पाचही खण पूर्ण बाहेर काढून सतरंजीवर ओळीने उपडे घातले आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. वरच्या दोन खणांच्या कोपऱ्यांवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघा." तिथे दोन फळ्यांचे दात एकमेकांत गुंतवलेले होते. प्रत्येक दात शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा होता आणि दातांच्या मुळाशी आखणीची बारीक रेघ अजून दिसत होती. खालचे तीन खण नुसते खिळ्यांनी ठोकलेले. त्यांच्या तळफळ्या पांढरट, हलक्या लाकडाच्या होत्या आणि त्यांवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती. काकांनी पटाशीचं टोक एका फळीला टेकवून जरासं दाबलं, तर ते भिजलेल्या बिस्किटात शिरावं तसं आत गेलं.

मग त्यांनी मुठींच्या आतली बाजू दाखवली. वरच्या दोन खणांच्या दर्शनी फळीला मुठीशेजारी बुजवलेली जुनी भोकं होती, म्हणजे त्यांना पूर्वी दुसऱ्या मुठी होत्या. खालच्या तिन्ही खणांना तशी भोकं नव्हतीच. कपाटाच्या पाठीला चहाच्या रंगाचं पॉलिश मारलेलं प्लायवूड, तेही प्लसच्या स्क्रूंनी बसवलेलं. काका हात झटकत म्हणाले, "ताई, तोंड जुनं आहे, पोट नवं."

दोन-तीन मोडक्या कपाटांतून एक उभं करणं हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे आणि तो गुन्हा नाही. दुरुस्ती झालेलं कपाटही पन्नास वर्षं सेवा देऊ शकतं. मात्र ते तसं सांगून, त्या किमतीला विकलं पाहिजे. मला जेवढं फसवलं गेलं, तेवढंच मी स्वतः पाहायचं टाळलं, हे मला मान्य केलं पाहिजे.

त्या दुपारी काकांकडून आणि नंतर वाचून, विचारून जे कळलं ते असं.

पहिली गोष्ट म्हणजे खण पूर्ण बाहेर काढून उपडा करा. दुकानदार नको म्हणाला तर नमस्कार करून निघा. सगळ्या खणांचे सांधे, फळ्यांची जाडी आणि लाकडाचा रंग एकमेकांशी जुळतो का, ते पाहा. खण वर्षानुवर्षं सरकत राहिला की त्याच्या बाजूच्या फळीची खालची कड झिजते आणि ज्या पट्टीवर तो सरकतो ती पट्टीही झिजते. या दोन्ही झिजा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. खण झिजलेला आणि पट्टी कोरी असेल तर तो खण दुसऱ्याच कपाटातून आलेला असू शकतो. आतलं बिनपॉलिशचं लाकूड हवेने हळूहळू काळवंडतं. सांदीकोपऱ्यात गडद आणि मधे फिकट दिसलं तर तो रंग हाताने लावलेला असण्याची शक्यता जास्त.

वयाच्या खुणा सावधपणे वाचा. हाताने कापलेले सांधे दिसले की लोक लगेच "शंभर वर्षं" म्हणतात, पण आपल्याकडचे सुतार अगदी परवापरवापर्यंत सांधे हातानेच कापत होते. त्यामुळे हा सांधा कारागिरी दाखवतो, साल नाही. प्लसचा स्क्रू मात्र बोलतो. तो १९३० च्या दशकात बाजारात आला. कपाटाला मुळापासून तोच असेल तर ते त्याआधीचं नाही, आणि एकदोनच असतील तर तिथे नंतर कुणाचा तरी हात लागला आहे. 'अँटिक' म्हणजे साधारण शंभर वर्षांच्या पुढचं, त्याच्या अलीकडचं ते 'विंटेज'. विंटेज म्हणजे कमी दर्जाचं नव्हे. १९३०-४० च्या काळातली गोल कोपऱ्यांची मुंबईची कपाटं उत्तम सागाची मिळतात आणि आपल्या फ्लॅटमध्ये छान सामावतात.

आपल्याकडे कपडे ठेवायला पूर्वी पेटारे, हडपे, फडताळं असत. खणांचं कपाट युरोपीय लोकांबरोबर आलं, म्हणून त्याचे नमुनेही त्या वळणाचे आहेत. गोव्यात पोर्तुगीज अमलात हस्तिदंत आणि काळ्या लाकडाचं जडावकाम केलेली, असंख्य छोट्या खणांची कपाटं घडली. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांसाठी दोन भागांत सुटणारी, कोपऱ्यांना पितळ लावलेली आणि मुठी लाकडात बुडवलेली कपाटं बनत, कारण ती छावणीबरोबर हलवावी लागत. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवी लाकडावर दाट कोरीवकाम केलेलं फर्निचर प्रसिद्ध होतं. खरेदीआधी अशा खऱ्या वस्तू डोळ्यांखालून घाला. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा गोव्यात चांदरच्या मिनेझिश ब्रागांझा वाड्यात एक सकाळ घालवली, तरी जुन्या लाकडाची नजर तयार होऊ लागते.

लाकूड ओळखताना रंगावर जाऊ नका, वजनावर जा. सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं, शिसवाचं ८५० च्या आसपास. एक खण हातात घेऊन पाहा. काळं पॉलिश मारलेला साग किंवा त्याहून हलकं लाकूड शिसवी म्हणून खपवलेलं असेल तर हाताला लगेच कळतं. सागाचा गाभा किडीला सहज दाद देत नाही. कीड लागते ती सालीलगतच्या पांढरट लाकडाला आणि तळाला-पाठीला वापरलेल्या स्वस्त फळ्यांना. म्हणून "टीक आहे, किडा लागत नाही" हे वाक्य समोरच्या बाजूपुरतंच खरं असू शकतं.

कीड जिवंत आहे का, हे घरी आणण्यापूर्वीच तपासा. भोकाच्या कडा टोकदार आणि आतून फिकट असतील तर भोक ताजं. शंका असेल तर बयाणा देण्याआधी कपाटाखाली आणि खणांखाली काळा कागद अंथरून आठवडाभर ठेवायला सांगा. कागदावर भुकटी पडली तर समजायचं ते समजा. औषध उघड्या लाकडातच मुरतं, पॉलिशवरून मारलेलं वरच्यावर राहतं. उपचारानंतरही वर्षभर लक्ष ठेवा, कारण अळी महिनोन्महिने आतच राहू शकते. तोवर त्यात कपडे ठेवू नका.

तासण्याची घाई तर अजिबात नको. जुन्या पृष्ठभागावर वापराने आलेली झळाळी एकदा मशीनने घासली की गेली. कपाट रंगवलेलं असेल तर आणखी सावध राहा, कारण जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची कोरडी घासणी घरात करू नका, विशेषतः लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर. खण अडकत असेल तर पट्टीवर साधी मेणबत्ती घासा आणि रंध्याचा निर्णय उन्हाळ्यापर्यंत थांबवा.

घर मोजा. जिन्याचं वळण, लिफ्टचं दार, खण पूर्ण ओढल्यावर पलंगापर्यंत उरणारी जागा, सगळं टेपने मोजून घ्या. आणि कपाट भिंतीला पक्कं करा. वरचे खण एकदम उघडले किंवा मूल खणांची पायरी करून चढलं, तर जड कपाट पुढे कोसळतं. अशाच अपघातांत मुलं दगावल्यामुळे २०१६ साली अमेरिकेत एका कंपनीने सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटं परत बोलावली होती. जुन्या कपाटाला हा धोका कमी नाही. मागच्या मजबूत चौकटीला दोन लोखंडी कोन बसवायला अर्धा तास पुरतो.

परदेशातल्या मुलाला किंवा बहिणीला वस्तू पाठवायचा विचार असेल, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू कुणालाही खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. जुनी दिसणारी वस्तू पाठवायची तर ती पुरावस्तू नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधी घ्यावा लागतो.

शेवटी, पावती मागा आणि तीवर लाकूड, अंदाजे काळ आणि बदललेले भाग लिहून घ्या. माझ्या पावतीवर फक्त 'कपाट १ नग' असं होतं. त्यावर बोट ठेवून भांडायला जागाच नव्हती.

माझं कपाट मी टाकलं नाही. काकांनी पोखरलेल्या तळफळ्या काढून जाळल्या, बाकी लाकडाला औषध पाजलं आणि एका उतरवलेल्या वाड्याच्या सागाच्या फळ्या तिथे बसवल्या. ढिल्या खणांच्या कडांना सागाच्या पट्ट्या चिकटवल्या. काळ्या कागदावर वर्षभरात काही पडलं नाही, तेव्हा पैठणी धुतलेल्या मलमलीत गुंडाळून पुन्हा तिसऱ्या खणात ठेवली. लाकडाचा आम्लांश जुन्या रेशमाला लागू नये म्हणून ही मलमल.

काम संपल्यावर काकांनी कानावरची पेन्सिल काढून प्रत्येक नव्या फळीच्या खालच्या बाजूला महिना, साल आणि काय बदललं ते लिहिलं. "कशाला काका, कोण बघणार?" मी विचारलं. ते म्हणाले, "उद्या कुणीतरी खण उपडा करेल ना ताई. त्याला खरं कळायला हवं."